दुधाटेबाईंचा शनिवारचा तास

दुधाटेबाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. त्यांच्या वर्गातल्या लेकरांना हे पक्कं ठाऊक होतं. बाई मोठ्यांदा बोलताहेत म्हणजे सगळं ठीक आहे. बाई कुजबुजायला लागल्या की पाठी ताठ, हाताची घडी. मी त्या शाळेत नवीन रुजू झालो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. शेजारच्या वर्गातला गलका एकाएकी थांबला म्हणून मी दारातून डोकावलो, तर बाई तिसरीतल्या एका पोरापुढे वाकून, कानात गुपित सांगावं तशा म्हणत होत्या, "'ते लोक' म्हंजे कोण रे? नाव न्हाई का त्यांना? नाव घे."

पोरगं रडकुंडीला आलं होतं. "शेख आजी," ते कसंबसं म्हणालं.

"हां. शेख आजी रोजे धरत्यात. आता बोल पुढं."

आमची शाळा जिल्हा परिषदेची, गंगाखेडच्या बाजूला गोदावरीच्या थडीवर. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिथल्या लोकांना अजून दुखतं. मी पहिली-दुसरीला शिकवायचो, बाईंकडे तिसरी-चौथी होती. बुटक्या, अंगानं भरलेल्या, निवृत्तीच्या जवळ आलेल्या. कंपासपेटीत खडूच्या तुकड्यांशेजारी बीपीच्या गोळ्या ठेवायच्या. मनात धास्ती असली की हातरुमालाची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. आणि धास्ती त्यांना नेहमीच असायची. बाई निडर होत्या असं आता कुणी म्हणालं की मला त्या रुमालाची आठवण होते.

शनिवारी शाळा सकाळची. तिचा शेवटचा तास बाईंनी धर्मांसाठी ठेवला होता. वेळापत्रकात तो परिसर अभ्यासाचा, लेकरं त्याला 'देवाचा तास' म्हणायची. बाईंना ते नाव पटायचं नाही. "देवाचं मला काय कळतंय? मी माणसांचं सांगते. कोण कसे हात जोडतो, कोण कवा उपाशी ऱ्हातो, लेकरू झालं की काय करत्यात, माणूस गेला की काय करत्यात. एवढंच."

त्या तासाचे नेम कडक होते. 'आमच्या घरी असं करत्यात' म्हणायचं. 'असंच करायचं असतंय' म्हणायचं नाही. पुस्तकात बघण्याआधी त्या धर्माच्या माणसाला विचारायचं. आणि दुसऱ्याची प्रार्थना वर्गात करून दाखवायची नाही. एकदा कुणीतरी हसवायला म्हणून बांगेची नक्कल केली होती. बाई इतक्या हळू बोलल्या, की मागच्या रांगेतली लेकरं पुढे सरकली. "ज्याची हाय त्याला तो खेळ वाटत न्हाई. तुझी आजी आरतीला उभी असताना कुणी दात काढले तर?"

स्वतः त्या देवभोळ्या. सोमवारचा उपास कधी मोडला नाही, गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, बस जाताना खिडकीतून हात जोडायच्या. मी विचारलं होतं, बाई, ही उठाठेव कशासाठी? आपल्याला कुणी सांगितलंय का?

"लेकरं इचारत्यात म्हणून. आपण न्हाई सांगितलं तर मोबाइल सांगायलाय की."

पहिली तक्रार आली ती जब्बारभाईंची. त्यांचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आणि त्यांची सानिया बाईंच्या वर्गात. एका दुपारी ते गाडी फाटकातच टाकून तणतणत आत आले. "मैडम, मेरी बच्ची घर में गनपती की कहानी सुनारी. ये क्या चलरा इस्कूल में?"

बाईंच्या हातातला रुमाल चुरगळला होता. "भाई, शनिवारी या. लेकरांत बसा. माझं चुकलं तर तिथंच टोका."

ते खरंच आले आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. त्या दिवशी नेमका रमजानचा विषय होता. बाई सांगत होत्या, की रोज्यात दिवसभर अन्न घेत नाहीत, नुसतं पाणी पितात. जब्बारभाई उठून उभे राहिले. "नै मैडम. पानी बी नै."

बाई फळ्याकडे वळल्या आणि लिहिलेली ओळ पुसली. "मी चुकले. तुमी बी खोडा सगळे. भाई, तुमीच सांगा आता."

जब्बारभाई आधी अडखळले, मग सांगत राहिले. एका पोरीनं विचारलं, थुंकी गिळली तर रोजा मोडतो का? तेव्हा मात्र ते इतके हसले, की त्यांना परत खाली बसावं लागलं.

सगळंच असं गोड झालं नाही. बाईंनी लेकरांना बौद्धवाड्यातल्या विहारात न्यायचं ठरवलं, तर त्या शनिवारी अर्धा वर्ग गैरहजर. कुणाला ताप, कुणाच्या घरी पाहुणे. पुढच्या शनिवारी परत जाहीर केलं, परत तेच. आमचे हेडसर म्हणाले, "बाई, सोडून द्या. वर्षभर नावं ठेवतील लोक." तिसऱ्या खेपेला त्यांनी आधी सांगितलंच नाही. प्रार्थना झाली, रांग केली आणि निघाल्या. वाटेत चौकात एका पोराची आई आडवी आली. "माझ्या लेकराला कुठं न्यायलाव?"

"विहारात. तुमी बी चला की."

तिनं रांगेतून आपल्या मुलाचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं. पडलेला चेहरा घेऊन ते पोरगं आईमागे फरफटत गेलं. बाईंनी वाद घातला नाही. उरलेल्यांना घेऊन पुढे गेल्या, विहारातल्या म्हाताऱ्या आजोबांनी लेकरांना डोळे मिटून बसायला शिकवलं, सगळं नीट पार पडलं. पण ते पोरगं विहारात कधीच गेलं नाही. "तिथं मी हारले," असं त्या स्वतःच सांगायच्या.

आणि एकदा तर रस्त्यावरून पंजाबचं हार्वेस्टर चाललं होतं, सोयाबीन काढायला आलेलं. बाईंनी ते हात करून थांबवलं आणि त्यावरच्या सरदारजींना वर्गात आणून बसवलं. त्यांना मराठी येईना, बाईंची हिंदी म्हणजे आनंदच. लेकरांना पगडी कशी बांधतात ते बघायचं होतं. डोक्यावरची सोडता येत नाही, असं त्यांनी हातानंच सांगितलं. मग गाडीतून दुसरं कापड आणलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर घडीवर घडी घालून अशी सुरेख पगडी बांधून दाखवली, की लेकरांनी टाळ्या पिटल्या. बाईंना मी एवढं खळखळून हसताना परत पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात ते झालं.

चौथीत श्रावणी नावाची मुलगी होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, पार कर्नाटकात. श्रावणी आजीजवळ राहायची. घरात चुलता होता, बालाजी, काळी-पिवळी जीप चालवणारा. श्रावणी आणि सानिया एकमेकींना सोडून राहत नसत. शाळा सुटली की ही तिच्या घरी, नाहीतर ती हिच्या घरी.

सोमवारी सकाळी शाळेत पोचलो तर हेडसर मोबाइल पुढे धरून उभे. व्हिडिओ होता. श्रावणी घरातल्या मधल्या खोलीत, चादर अंथरून, डोक्यावर ओढणी घेऊन नमाजाला बसावं तशी बसली होती. वाकत होती, उठत होती, ओठ हलत होते. मोबाइल धरणारा हात बालाजीचा होता. खाली त्यानं लिहिलं होतं, 'आमच्या शाळेत हे शिकवायलेत.' त्यानं शूटिंग केलं. पोरीला विचारलं मात्र नाही. रविवारभरात तो व्हिडिओ गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून कुठे कुठे गेला होता.

दुपारी खिचडीच्या वेळी मी नळापाशी ताटल्या धुवून घेत होतो. टाकीच्या पलीकडून श्रावणीचा आवाज आला. बाई तिला जवळ घेऊन उकिडव्या बसल्या होत्या.

"बाई, आई दवाखान्यात हाय. गाडीचं चाक पायावरनं गेलं. आजीला फोन आलता, आता फोन लागतच न्हाई." ती हुंदके देत नव्हती, अगदी सरळ सांगत होती. "मी मारुतीला सांगितलं. विहारात जाऊन सांगितलं. मग सानियाच्या देवाला बी सांगितलं. बाई, अजून कुणाचा देव ऱ्हायलाय का?"

बाईंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी नळ बंद करून आत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात माणसं जमली. गावातली होती, शिवाय तालुक्याहून मोटारसायकलींवर आलेली पोरं, ज्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं. फाटकाशी एक पोलीस. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून साहेब आले होते. जब्बारभाईंचं दुकान बंद आणि सानिया शाळेत आलेली नव्हती. आम्ही बाकीची लेकरं वर्गात कोंडून दारं लावून घेतली. खिडकीच्या गजांतून इवले इवले हात बाहेर आलेले दिसत होते.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं सांगा."

"वर्गात कुणीच कुणाची प्रार्थना करत न्हाई. माझा नेम हाय तो. लेकरांना इचारा." आणि लगेच, "न्हाई, लेकरांना नका इचारू. मला इचारा."

"पोरीलाच आणा की बाहेर!" मागून कुणीतरी ओरडलं. "तिच्याच तोंडून ऐकू."

दहा-पाच जण व्हरांड्याची पायरी चढले. बाई चौथीच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून उभ्या राहिल्या. रुमाल खाली पडला होता. त्या इतक्या हळू बोलल्या, की पायरीवरचे लोक ऐकायला थांबले.

"लेकराला बाहेर काढायचं न्हाई."

बालाजी पुढे आला. "आमची पोरगी हाय बाई, तुमची न्हाई."

"घरी तुमची. हितं माझी."

"मग ती शिकली कुठं? सांगा ना. कुणाचं बघून शिकली?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं. ती सानियाच्या घरी बघून शिकली होती. ते उत्तर बाईंच्या तोंडून निघालं असतं, तर ही सगळी माणसं इथून उठून सरळ जब्बारभाईंच्या दारात गेली असती. आणि ती तसं का बसली हे सांगितलं असतं, तर कदाचित निम्मे लोक मान खाली घालून घरी गेले असते. मी बोलायला पुढे सरकलो. बाईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "सर, थांबा तुमी."

मग त्या बालाजीला म्हणाल्या, "माझ्याकडनं शिकली. कसं उभं ऱ्हात्यात, कसं वाकत्यात, मी सांगितलं हाय वर्गात. जे काय करायचं ते माझं करा."

मग जो आरडाओरडा झाला तो सांगवत नाही. कुणीतरी बाईंच्या दिवंगत नवऱ्याचंही नाव काढलं. पोलिसानं मध्ये पडून लोकांना फाटकाबाहेर काढलं. साहेब माणूस वाईट नव्हते. बाईंना ऑफिसात बसवून, पाणी देऊन म्हणाले, "लिहून द्या, अनवधानानं झालं, पुन्हा होणार नाही. बाकीचं मी बघतो. निवृत्ती तोंडावर आलीये बाई."

"साहेब, अनवधानानं कसं लिहू? आठवडाभर तयारी करून शिकवते मी."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी बाई जब्बारभाईंच्या घरी निघाल्या. मी सोबत गेलो. दार अर्धंच उघडलं. आतून सानिया बाईंकडे बघत होती, पण पुढे आली नाही. जब्बारभाई खालच्या आवाजात म्हणाले, "मैडम, अब तुम मत आओ. तुमकू बी तकलीफ, हमकू बी."

"पोरीला शाळेत तर पाठवा."

"पाठवतो." ते मराठीत बोलले. "जरा शांत होऊ द्या."

परतताना मी बाईंवर चिडलो. म्हटलं, खरं कारण सांगितलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. तुम्ही का नाही बोललात?

"तिनं मला सांगितलं होतं सर, गावाला न्हाई." थोडं चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, "आज तिला नमाज पढणारी पोरगी म्हणायलेत. कारण कळलं असतं तर बिचारी, आईसाठी येडी झालेली, म्हणले असते. लेकराला दोन्ही नावं चिकटू नयेत. मला चिकटलं तर मी पुसून काढीन, माझं वय झालंय."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून मी मनातल्या मनात बाईंशी भांडतो.

आदेश आला. प्रतिनियुक्तीवर बाईंना जिंतूर तालुक्यात चारठाण्याकडच्या एका छोट्या शाळेत पाठवलं. जिल्ह्याचं हे टोक सोडून ते टोक. निरोप समारंभ काही झाला नाही. हेडसरांची हिंमत झाली नाही. बाईंनी कंपासपेटी पिशवीत टाकली, चौथीच्या वर्गात जाऊन सगळ्यांचे पाढे घेतले आणि एसटी पकडली. त्या दिवशी सानिया शाळेत परत आली होती. ती आणि श्रावणी एकाच पाटावर बसून सतराचा पाढा म्हणत होत्या, इतकं मला आठवतं. शनिवारचा तास वेळापत्रकाप्रमाणे परिसर अभ्यासाचा झाला. मी तो घेतो. बाईंसारखा जमत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. श्रावणीची आई मीरा काठी टेकत शाळेत आली. पाय वाचला होता, पण गुडघ्यात वाकत नव्हता. दवाखान्यात असताना नवऱ्याचा मोबाइल हरवला, त्यामुळे इतके दिवस घरी काही कळवता आलं नव्हतं. लेकीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"सर, बाई कुठं असत्यात आता?"

आम्ही रविवार बघून निघालो. मीरा, श्रावणी आणि मी. जीप बालाजीची. त्यानं स्वतःहून काढली की वहिनीनं काढायला लावली, मला माहीत नाही. परभणी गेलं, जिंतूर गेलं, तो फक्त समोर बघत गाडी चालवत राहिला.

बाई शाळेजवळच एका खोलीत राहत होत्या. दारात डाळ निवडत बसलेल्या. मीराला बघून उठल्या. ती पाया पडायला वाकायला लागली तशी त्यांनी तिला मधेच धरलं. "पाय वाकंना अन् पाया पडायलीस! बस आधी." खुर्ची एकच होती, ती मीराला दिली. दवाखान्यात काय केलं, पायात रॉड टाकलाय का, दुखतंय का, सगळं विचारलं. झाल्या प्रकाराबद्दल मीरा रडत बोलायला लागली, तर बाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. चहा गोड चालतो ना?"

बालाजी जीपमधून उतरला नाही. बाईंनी त्यालाही चहा पाठवला, श्रावणीच्याच हातानं. त्यानं तो घेतला.

श्रावणी आईच्या पाठीमागे लपून होती. बाई पाचवीचं, नव्या शाळेचं विचारत होत्या, ती मान हलवत होती. निघायची वेळ झाली तेव्हा ती एकदम पुढे आली.

"बाई, मी तसं केलं ते वंगाळ होतं का?"

मीरानं तिला चापटी मारायला हात उचलला. बाईंनी तो हात धरला. या पोरीला उत्तर द्यायचं तर खरं द्यायला हवं, अशा चेहऱ्यानं उभ्या होत्या.

"तुला आई पायजे होती," त्या म्हणाल्या. "त्यात वंगाळ काय गं?"

श्रावणीनं मान हलवली आणि जाऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली.

पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि लातूरला लेकीकडे गेल्या. फोन होतो कधीमधी. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. मीराच्या काखेत हात घालून त्या तिला जीपपर्यंत चालवत आणत होत्या, खडकाळ वाटेवरून, एकेक पाऊल बघून. जीपचा मागचा दरवाजा अडकतो, बालाजीशिवाय कुणाला उघडत नाही. बालाजी काही क्षण स्टिअरिंगला धरून तसाच बसला. मग उतरला, मागे आला, दरवाजा उघडला. दोघांनी मिळून मीराला उचलून सीटवर बसवलं. बाई त्याच्या समोरच होत्या, हातभर अंतरावर. त्याची मान खाली होती.

"मधे खड्डे हायेत लय," बाई त्याला म्हणाल्या. "सावकाश ने. पायाला दणका बसू देऊ नकोस."

"व्हय बाई," तो म्हणाला.

बाईंनी मीराच्या लुगड्याचा सोगा दरवाजात अडकू नये म्हणून आत सारला आणि दरवाजा ओढून घेतला.